जिमनीच्या टपावरचं कॅरिअर: पावसाळा आणि उन्हाळा दोन्ही काढल्यानंतर

आधी निकाल सांगते, कारणं नंतर. पाच दारांच्या जिमनीवर, म्हणजे मारुती सुझुकीच्या छोट्या फोर-बाय-फोर गाडीवर, कॅरिअर बसवायचंच असेल तर टपाच्या कडेच्या पन्हळीला (पावसाचं पाणी वाहून जायच्या खाचेला) आवळून बसणारे दोन अल्युमिनियमचे आडवे बार घ्या, लागेल तेव्हाच वर चढवता येईल अशी एक छोटी जाळी घ्या आणि तिथंच थांबा. पुढच्या काचेपासून मागच्या दारापर्यंत पसरलेलं लोखंडी कॅरिअर फोटोत रुबाबदार दिसतं, पण या गाडीसाठी ते नाही.

सगळं गणित एका आकड्यावर येऊन थांबतं. सुझुकीनं जिमनीच्या टपासाठी ठेवलेली मर्यादा ३० किलो आहे, आणि या तीस किलोत कॅरिअरचं स्वतःचं वजनही धरायचं असतं. दुकानात हे कोणी सांगत नाही. तिथं कॅरिअर किती पेलतं ते सांगतात, गाडी किती पेलते ते नाही.

आम्ही कोल्हापूरचे. घरात चौघं, त्यातली दोन वाढत्या वयाची मुलं. फिरणं बहुतेक राधानगरी-दाजीपूर, चंदगड, तिलारी आणि घाट उतरून मालवण-देवगड या पट्ट्यात. मागची सीट वापरात असली की जिमनीची डिकी २०८ लिटरची उरते, म्हणजे दोन मध्यम बॅगा आणि वर एक पिशवी. तंबू, चटया, घडीच्या खुर्च्या, पावसाळ्यात चार जणांचे रेनकोट आणि बूट हे सगळं मुलांच्या पायात येऊन बसायचं. त्यामुळं टपाचा विचार सुरू झाला.

पहिली चौकशी अर्थातच उद्यमनगरात, म्हणजे इथल्या वर्कशॉपच्या वसाहतीत. आपल्याकडं लोखंडाचं काय हवं ते करून मिळतं, आणि काम खरोखर चांगलं असतं. एका वर्कशॉपमध्ये जिमनीच्याच मापाचं तयार कॅरिअर होतं. चौकोनी पाइप, वर जाळी, पुढं लाइटसाठी पट्टी. मिस्त्री म्हणाले, "ताई, दोनशे किलो टाका वर, काय होत नाही." मी म्हटलं, आधी हे कॅरिअरच काट्यावर ठेवा. भरलं २८ किलो. म्हणजे रिकामं कॅरिअर चढवलं की टपाची मर्यादा जवळपास संपली, उरलेल्या दोन किलोत काय न्यायचं, टॉवेल? मिस्त्रींचं बोलणं खोटं नव्हतं. त्यांचं कॅरिअर दोनशे किलोला वाकलं नसतंच. प्रश्न पन्हळीचा, टपाच्या पत्र्याचा आणि खालच्या स्प्रिंगांचा होता.

दुसऱ्या एकानं टपाला भोकं पाडून बोल्ट मारायचं सुचवलं, "म्हणजे हलणारच नाही." टपाला भोक म्हणजे गळतीला आमंत्रण हे गगनबावड्याचा पाऊस पाहिलेल्याला वेगळं सांगायला नको. शिवाय या गाडीला सहा एअरबॅग आहेत आणि त्यातल्या पडद्यासारख्या उघडणाऱ्या दोन टपाच्या कडेलाच, आतल्या अस्तरामागं दडलेल्या असतात. तिथं ड्रिल घेऊन कोणी चढलं तर त्याला हात जोडून खाली उतरवा. जिमनीला जुन्या जीपगाड्यांसारखी पन्हळ आहे हे खरं तर नशीब. नव्या गाड्यांमधून ती जवळपास गेली. पन्हळ असली की भोक लागत नाही, आणि बार पुढंमागं सरकवून हव्या त्या जागी बसवता येतात.

शेवटी पन्हळीवर बसणारे बार घेतले. चार पायांसकट वजन साडेपाच किलो. वरची अल्युमिनियमची जाळी सात किलो. दोन्ही मिळून साडेसोळा हजार रुपये पडले, बसवणं घरीच. निवडताना मी तीन गोष्टी पाहिल्या. पायांना कुलूप असावं. आवळायच्या बोल्टसाठी किती जोर लावायचा ते पत्रकात आकड्यात दिलेलं असावं. आणि आयएसओ १११५४ हे टपावरच्या कॅरिअरसाठीचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्यानुसार चाचणी झाल्याचा उल्लेख असावा. थुले, ऱ्हायनो-रॅक, फ्रंट रनर ही मोठी नावं सगळ्यांना माहीत असतात. त्यांचं सामान इथं येईपर्यंत किंमत कुठल्या कुठं जाते. पण त्यांची मापं आणि पत्रकं वाचून घ्यायला पैसे लागत नाहीत. कॅरिअरचं वजन छापायचं टाळणारा विक्रेता दिसला की मी पुढं गेले.

आता खडबडीत वाटेचा हिशेब, कारण गाडी त्यासाठीच घेतलीय. ऱ्हायनो-रॅकसारख्या ऑस्ट्रेलियन कंपन्या सांगतात की डांबरी रस्त्यासाठी कॅरिअरची जी क्षमता असेल तिला कच्च्या वाटेसाठी दीडनं भागा. गाडी दगडावरून आपटत उतरते तेव्हा वरचं ओझं क्षणभर स्वतःच्या वजनापेक्षा जास्त जोरानं पायांवर बसतं, आणि हे दर खड्ड्याला होत राहतं. मी हाच भागाकार टपाच्या मर्यादेला लावला. तीस भागिले दीड, वीस किलो. त्यातून बार आणि जाळीचे साडेबारा गेले की उरले साडेसात.

इतक्यात काय येतं? म्हणून कच्च्या वाटेला मी जाळी काढूनच ठेवते. चिखलातून निघायला चाकाखाली घालायच्या दोन प्लॅस्टिकच्या फळ्या आमच्याकडं आहेत, जोडीचं वजन आठ किलोच्या आसपास. त्या बारांवर आडव्या बांधल्या की त्यांचीच जमीन होते. वर तीन किलोचा तंबू आणि दोन किलोच्या चटया, एकाच पाणी न शिरणाऱ्या पिशवीत. बार, फळ्या, पिशवी सगळं मिळून साडेअठरा. वीसच्या आत. फळ्या लागल्या तर पिशवी उतरवावी लागते हा एक वैताग आहे, पण गाडी रुतल्यावर कोणालाच घाई नसते.

डांबरी रस्त्यानं मालवणला जाताना जाळी असते. तेव्हा साडेसतरा किलोची सवलत मिळते. घडीच्या खुर्च्या, चटया, मुलांची बॉडीबोर्ड, कपड्यांची एक पिशवी. जागा खाणारं आणि हलकं ते वर, जड ते खाली, आणि खाली म्हणजे मागच्या सीटच्या पाठीला टेकून, दोन्ही चाकांच्या मध्ये येईल असं. जॅक, हवेचा पंप, ओढायचा पट्टा, लोखंडी शॅकल (पट्टा गाडीला जोडायची कडी) कधीच वर जात नाहीत. पाणीही नाही. वीस लिटरचा कॅन म्हणजे वीस किलो अधिक कॅन. पेट्रोल तर मुळीच नाही. वीस लिटर पेट्रोल साधारण पंधरा किलो भरतं, त्यात लोखंडी कॅनचे चार किलो, आणि उन्हात तापलेल्या टपावर गाडीच्या सर्वांत उंच जागी ज्वलनशील वाफेचा डबा. लडाखच्या फोटोंत ते कॅन टपावर ओळीनं लावलेले दिसतात, दिसू देत.

जादा स्टेपनीबद्दलही विचारतात. जिमनीची स्टेपनी मागच्या दारावर आहेच. आणखी एक चाक वर टाकलं की एकट्या त्या चाकानं कच्च्या वाटेची मर्यादा संपते. पंक्चरचं किट आणि पंप ठेवा, पुष्कळ झालं. टपावरचा तंबू तर विचारूच नका. बहुतेक तंबू पन्नास किलोच्या घरातले असतात. उभ्या गाडीचा टप जास्त वजन सोसतो हे बरोबर आहे, माणसं वर झोपतात ती त्याच भरवशावर. पण तंबू तिथपर्यंत चालत्या गाडीवरूनच न्यायचा असतो ना.

आणखी एक मर्यादा लोक विसरतात. गाडीचं रिकामं वजन बाराशे किलोच्या आसपास आणि भरून जास्तीत जास्त १५४५. मधले तीनशे चाळीसच आपले. चार मोठी माणसं बसली की अडीचशे ते तीनशे तिथंच गेले. टपावरचे वीस किलोही यातूनच वजा होतात, वर ठेवले म्हणून ते वेगळे मोजले जात नाहीत.

"वर पन्नास किलो टाकले तर गाडी उलटेल का?" आमच्या ग्रुपमधला कायमचा वाद. मी वहीत मांडून पाहिलं. गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ६५ सेंटिमीटरवर धरला, माणसांसकट वजन १३५० किलो धरलं आणि ५० किलो १८५ सेंटिमीटरवर ठेवले, तर गुरुत्वमध्य चारेक सेंटिमीटर वर सरकतो. दोन चाकांमधलं अंतर १४० सेंटिमीटर धरून कलंडायचा कोन काढला तर तो जेमतेम दोन अंशांनी कमी होतो. वाद घालणाऱ्यांपैकी अर्धे इथं खूश झाले. पण हा हिशेब उभ्या, ताठ गाडीचा आहे. खरी गाडी मऊ स्प्रिंगांवर उभी असते. आडव्या उतारावर ती खालच्या बाजूला आधीच झुकलेली असते, त्यात एक चाक दगडावर चढतं, झोल बसतो, आणि वरचं वजन तो झोल लांबवतं. तिलारीकडच्या एका कच्च्या उतारावर फक्त बार असताना आणि नंतर साडेअठरा किलो वर असताना, दोन्ही वेळा उतरलेय. दुसऱ्या वेळी गाडी डुलून स्थिर व्हायला एक हेलकावा जास्त घेते. तेवढा मला चालतो. अठ्ठावीस किलोच्या कॅरिअरवर आणखी चाळीस किलो घेऊन तिथून उतरायची माझी तयारी नाही.

बांधणं हा या अनुभवातला सगळ्यात महत्त्वाचा भाग, आणि लोकांचं सगळ्यात कमी लक्ष असतं ते इथंच. हुकवाल्या लवचिक दोऱ्या मी टपावर वापरत नाही. त्या सामान धरून ठेवत नाहीत, नुसतं थोपवतात. वाऱ्यानं पिशवी उचलली की दोरी ताणते, आणि सोडताना हुक निसटला तर थेट तोंडावर येतो. मी इंचभर रुंदीचे पॉलिस्टरचे, दाताळ्या बकलचे पट्टे वापरते. नायलॉनचे नको, ते भिजले की लांबतात आणि घाटात अर्ध्या तासात सैल पडतात. रॅचेटचे, म्हणजे दांडा हलवत आवळायचे पट्टे जड यंत्रासाठी ठीक. टपावरच्या हलक्या सामानावर ते इतके आवळले जातात की तंबूचे खांब वाकावेत.

पट्टे निदान दोन आडवे, आणि एक पुढून मागं. तो तिसरा बहुतेक जण टाळतात. जोरात ब्रेक लागल्यावर सामान पुढं निघतं, बाजूला नाही, आणि आडवे पट्टे पुढं सरकणारी पिशवी फार काळ धरत नाहीत. पट्टा बारांभोवती घ्यायचा, जाळीच्या बारीक सळीभोवती नाही. धारदार कडेवरून जात असेल तिथं जुन्या ट्यूबचा तुकडा. पट्ट्याला मध्ये एक पीळ द्यायचा, म्हणजे वाऱ्यात तो फडफडून गुणगुणत नाही. उरलेलं टोक गुंडाळून गाठीत अडकवायचं. मोकळं टोक चाळीस किलोमीटर रंग बडवत राहिलं की तिथं चट्टा पडतो. मार्केट यार्डात गुळाचा ट्रक भरताना हमाल दोर कसा फुलीत घेतात आणि शेवटची गाठ एका झटक्यात कशी सुटेल अशी मारतात ते एकदा उभं राहून बघा, कुठल्याही व्हिडिओपेक्षा चांगलं समजतं.

झालं की सामानाला धरून हिसका द्यायचा. सामान हललं तर बांधणं अपुरं, अख्खी गाडी हलली तर निघा. मग पंधरावीस किलोमीटरवर चहाला थांबायचं, पट्टे पुन्हा ओढायचे. नव्या बारांचे बोल्ट पहिल्या पन्नासेक किलोमीटरनंतर पत्रकातल्या जोराइतके पुन्हा आवळले, नंतर दर कच्च्या वाटेनंतर तपासते. छोटा टॉर्कचा पाना घेतलाय. अंदाजानं आवळलं तर माणूस हमखास जास्तच आवळतो, आणि पन्हळ चेपते.

आमच्या ग्रुपमधल्या एका बोलेरोचं उदाहरण यासाठी बोलकं आहे. लोखंडी कॅरिअर, वर प्लायवूडचा सपाट तुकडा, त्यावर सामान, दोर फक्त आडवे. हायवेवर समोरून ट्रक गेला, वारा प्लायवूडच्या खाली शिरला आणि पुढची कड हातभर उचलली गेली. मागून येणाऱ्या आम्ही हॉर्न वाजवत सुटलो. सपाट, रुंद वस्तूला वारा वर उचलतो. सामान कितीही जड वाटलं तरी पुढची कड बांधलेली हवी.

वाऱ्यावरून आवाजाचं सांगते. नुसते बार असताना साधारण सत्तरच्या पुढं शिट्टी वाजायची. पुढच्या बारावर पातळ दोरी नागमोडी गुंडाळली, वेढ्यावेढ्यात वीतभर अंतर ठेवून, आणि शिट्टी जवळपास गेली. बारावरून जाणारा वारा एका लयीत सुटतो म्हणून सूर लागतो, दोरी ती लय मोडते. दिसायला गबाळं, कामाला चोख. जाळी चढवली की शिट्टीऐवजी भरीव घोंगावणं येतं, त्याला उपाय म्हणजे वेग कमी ठेवणं. सामान असताना मी ऐंशीच्या वर जात नाही. पुण्याच्या वाटेवर ट्रक ओलांडताना बाजूचा वारा लागतो तेव्हा ही उंच, अरुंद गाडी तशीही सरकते.

मायलेज? मॅन्युअल गिअरच्या गाडीसाठी कंपनीचा आकडा लिटरला १६.९४ किलोमीटर. हायवेला मला कॅरिअरशिवाय साडेचौदा मिळायचे. बार आणि रिकामी जाळी असताना तेरा, भरून बारा. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो, म्हणून घाटात फरक कळतही नाही आणि हायवेवर खिशाला कळतो. घरी आले की जाळी उतरते आणि गच्चीवर जाते. चार बोल्ट, दहा मिनिटं.

उंची गाडीच्या सनव्हायझरवर चिकटवून ठेवलीय. गाडी १७२ सेंटिमीटर, वर बार, जाळी आणि पिशवी धरून २११, म्हणजे सहा फूट अकरा इंच. आमच्या बहिणीच्या सोसायटीच्या तळघरावर २.१ मीटर लिहिलंय, तिथं पिशवी उतरवूनच जावं लागतं. पण तळघरापेक्षा वाड्यांमधल्या तारा आणि आंब्याच्या फांद्या जास्त त्रास देतात. कोकणात घरगुती विजेची तार गल्लीवरून इतकी खाली लोंबते की एक जण उतरून बघतो, मगच गाडी पुढं. भुईबावडा घाटात पावसानंतर बांबू रस्त्यावर वाकलेले असतात, ते जाळीच्या पुढच्या कडेत अडकतात. जाळी नसली की बारांवरून घसरून जातात. जाळी काढून ठेवायचं हे आणखी एक कारण.

आणि माकडं. आंबोलीच्या धबधब्यापाशी टपावर पिशवी ठेवून भजी खायला जाऊ नका. खायचं काही नसलं तरी ती चेन उघडून खात्री करून घेतात.

पावसाळ्यात पिशवी कोरडी राहिली, कारण तोंड गुंडाळून बंद होणारी होती. चेनवाली 'वॉटरप्रूफ' पिशवी उभ्या पावसात चालते, धावत्या गाडीवर समोरून मारणाऱ्या पावसात चेनीतून पाणी जातं. ताडपत्री मी टाळली, ती फडफडते आणि तिचीच शीड होते.

गंजाची पाहणी पावसाळा संपल्यावर केली. पाय जिथं पन्हळीला धरतात तिथं बारीक वाळू अडकते आणि कंपनामुळं रंग घासते. मी बसवण्याआधी त्या चार जागी पारदर्शक जाड फिल्म चिकटवली होती. खाली रंग शाबूत आहे, फिल्मवर मात्र ओरखडे दिसतात. मालवणची खारी हवा लागल्यावर गोड्या पाण्यानं धुणं सक्तीचं. स्टीलचे बोल्ट अल्युमिनियममध्ये बसतात, खाऱ्या ओलीत दोन धातूंची अशी जोडी हळूहळू एकमेकांना चिकटून बसते, म्हणून आट्यांना ग्रीस लावून ठेवलंय. एका बाराच्या टोकाची रबरी टोपी पडली होती आणि आत कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलं होतं. टोपी नवीन मिळाली, माशीला जागा बदलावी लागली.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीतल्या तपशिलांशी विसंगत बदलांना मनाई करतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ मध्ये बाजूला, पुढं, मागं किंवा ठरलेल्या उंचीबाहेर जाणाऱ्या ओझ्यासाठी वीस हजारांचा दंड आहे. म्हणून बारांची टोकं पन्हळीच्या आत राहतील असे बार घेतले आणि सामान टपाच्या चौकटीबाहेर जाऊ देत नाही. चार बोल्टांत निघणारं कॅरिअर असलं की नाक्यावरचं बोलणंही लवकर संपतं.

तक्रारी सांगायच्या तर दोन. पायांच्या कुलपांच्या चाव्या इतक्या बारीक आणि मऊ आहेत की एक वाकली, दुसरीची नक्कल करून ठेवलीय. आणि उंची कमी असलेल्यांनी घडीचं स्टूल गाडीत ठेवावं. माझी उंची पाच फूट दोन, मागच्या चाकावर पाय ठेवून मी पलीकडच्या पट्ट्याला पोचत नाही. जिमनीचं मागचं दार बाजूला उघडतं, त्यामुळं वरचं सामान दाराला अडत नाही, ही सोय मात्र रोज जाणवते.

चार मोठी माणसं आणि त्यांचं सगळं सामान घेऊन आठवडाभर जायचं असेल तर मोठी गाडी बघा. दोघं किंवा आमच्यासारखं छोटं कुटुंब असेल आणि काय घरी ठेवायचं हे ठरवता येत असेल तर हे दोन बार पुरतात. पुढच्या उन्हाळ्यासाठी बाजूला उघडणारं छत घ्यावं असं नवऱ्याचं म्हणणं आहे. आम्ही पाहिलेलं अकरा किलोचं होतं. बार साडेपाच, छत अकरा, कच्च्या वाटेवर वर उरणार साडेतीन. तंबू आणि चटया मिळून पाच. सध्या दोन बांबू आणि एक ताडपत्री डिकीत आहे, त्यावर भागतंय.